आधी हाताने

सातवा महिना, पितर घरी येण्याचा, लागला त्या सकाळी ल्याओ काकांनी सर्व्हरच्या डोक्यावर हिरवं पाकीट ठेवलं. खोबऱ्याच्या चवीचे कुरकुरीत फुगे असतात त्यात. पोरं ते येता-जाता खातात, पण यंत्रावर ठेवलेल्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. ते हिरवंच हवं, मुदत उलटलेलं नको आणि फोडलेलं तर मुळीच नको. कीलुंग शहरात बंदरातल्या क्रेनपासून दवाखान्यातल्या क्ष-किरण यंत्रापर्यंत सगळीकडे ते दिसतं, आणि का म्हणून कोणी विचारत नाही.

फक्त या एका वर्गात ते कधी नव्हतं. थोरल्या बाईंना चालायचं नाही.

"आता त्या नाहीत," पाकीट बरोबर मध्यावर सरकवत ल्याओ काका म्हणाले, "आणि महिना हा असा. वेन-यिंग, तू मला अडवू नकोस. तुझ्या आईनं उभा जन्म अडवलं."

"काय म्हणायची आई?"

"म्हणायची, ल्याओ, यंत्राला खाऊ घालतोस आणि पोरं उपाशी ठेवतोस." ते हसले आणि मग हसल्याबद्दल ओशाळल्यासारखे खिडकीबाहेर बघू लागले. शाळेची सगळी यंत्रं त्यांच्याच ताब्यात होती, आणि थोरल्या बाईंशी भांडण हा त्यांचा बरीच वर्षं चाललेला विरंगुळा होता.

वेन-यिंगने पाकीट राहू दिलं.

तिची आई, खो सू-मेइ, डोंगरउतारावरच्या या शाळेत नवख्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायची. वसंतात, कबरी झाडण्याच्या सणानंतर थोड्याच दिवसांनी, ती शाळेच्या जिन्यात दम खायला बसली आणि बसूनच राहिली. उन्हाळी वर्ग तोंडावर आलेला, शिकवायला दुसरं कोणी मिळेना. वेन-यिंग तैपेईत एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. तिने लांबलचक रजा टाकली आणि आईच्या घरात, आईच्या पलंगावर झोपून, आईचा वर्ग घेऊ लागली.

आईची पद्धत शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. सुरुवातीचे दिवस कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. टेबलावर कागदी पेले, प्रत्येक पेल्यावर एक नाव, आत शेंगदाणे. एकाने प्रोग्रामची ओळ वाचायची, दुसऱ्याने ओळ सांगेल तसे शेंगदाणे हलवायचे. कुठल्या पेल्यात आता किती, हे न बघता सांगता आलं की मगच खुर्चीवर बसायचं. तिच्या प्रत्येक अभ्यासपानाच्या डोक्यावर तेच दोन शब्द असत: आधी हाताने. आणि शेवटी उभ्याची परीक्षा. मुलाने फळ्यापाशी उभं राहायचं, विचारणारा त्याच्या प्रोग्राममधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवणार, आणि ही ओळ काय करते ते मुलाने सांगायचं. सांगता आलं तर पास. प्रोग्राम चालला की नाही याला काडीची किंमत नव्हती.

यावरून मायलेकींचं नववर्षाच्या जेवणात वाजलं होतं.

"तुझी पोरं शेंगदाणे मोजत बसतात आई, तोवर दुसऱ्या शाळेतली पोरं गेम बनवून मोकळी होतात."

"बनवतात, की त्यांच्याकडून बनतो?"

"फरक काय पडतो? साधन हातात आलं की समज मागून येते."

"साधन दे ना. मी कुठे नको म्हणते? पण आधी हात तर दे." एवढं बोलून आईने माशाच्या गालाचा मऊ तुकडा तिच्या वाडग्यात टाकला. त्या घरात वाद असाच मिटायचा.

आता वर्ग वेन-यिंगचा होता आणि तिने तो आपल्या पद्धतीने लावला. पेले कपाटात गेले. शाळेच्या सर्व्हरवर आईची सगळी अभ्यासपानं होती, शिवाय मुलांच्या उत्तरांखाली तिने लिहिलेले शेरे. केवढा तरी ढीग. वेन-यिंगने तो ढीग एका सुचवणाऱ्या साधनाला शिकवला. मुलाने अर्धी ओळ लिहिली की पुढची ओळ स्क्रीनवर करड्या अक्षरांत उमटायची. टॅब दाबला की ती पक्की व्हायची. मुलांना साधनही मिळेल आणि थोरल्या बाईंची शिकवणही, असं तिने मुख्याध्यापकांना सांगितलं. ते खूश झाले.

दुसरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. आईला फोटो काढून घेणं आवडत नसे, आवाज मुद्रित करून घेणं तर त्याहून नाही. फोनवर उरले होते ते नुसते निरोप. पोचलीस का. छत्री घे. शेऱ्यांमध्ये मात्र ती अख्खी होती. प्रत्येक शेरा 'हं.' असा सुरू व्हायचा, जणू वाचून तिने मान डोलावली आणि क्षणभर थांबली.

पहिल्या दिवशी मुलांनी कोरी फाईल उघडली. कोणी काही लिहायच्या आतच करडी अक्षरं आली: जेवण झालं का?

वर्ग खो-खो हसला. कॉम्प्युटरवरच्या पहिल्या धड्यात आई मुलांकडून हेच वाक्य स्क्रीनवर उमटवून घ्यायची, म्हणून साधनाने ते सुचवलं होतं. वेन-यिंगला ते ठाऊक होतं. तरी तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

"बाई, हे तर माझ्या आजीसारखं बोलतं!" चुन-झे ओरडला. वर्गातला वात्रटपणा त्याच्या वाट्याला आला होता. "आता विचारेल, एवढा वाळलास का?"

"तुला नाही विचारणार," मागून कोणीतरी म्हणालं.

ही मुलं शाळेत नव्याने आलेली, त्यांनी आईला कधी पाहिलेलं नव्हतं. पण आठवडा जाईतो ती करड्या अक्षरांना 'थोरल्या बाई' म्हणू लागली. थोरल्या बाईंना विचार. थोरल्या बाई म्हणतात असं नको. सातवा महिना चालू, पितरांसाठी दारोदार कागदी नोटा जळताहेत, धुराचा वास थेट वर्गात येतोय; मुलांना त्यात वावगं काही वाटलं नाही. कोणी सर्व्हरपाशी चहाचा पेला ठेवून जाई. कामं भराभर होऊ लागली. ज्या मुलांनी जूनमध्ये कीबोर्ड धड पाहिला नव्हता त्यांचे प्रोग्राम पहिल्या फटक्याला चालत.

दुपारच्या सुट्टीत वेन-यिंग डबा घेऊन वर्गातच बसायची. खाली बंदरात एखादी बोट भोंगा द्यायची. ती कोरी फाईल उघडायची, एक ओळ लिहायची आणि वाट बघायची. हं. हे नाव चांगलं ठेवलंस. हं. घाई दिसते. कधी काही जमायचं, कधी नुसताच घोळ. पण सुट्टी संपली तरी डबा उघडायचा राहून जाई.

मग एके दिवशी तिने फांग-यूला उभं केलं. अबोल मुलगी, सदऱ्याच्या बाह्या बोटांवर ओढून बसणारी. तिचा प्रोग्राम सुरेख चालत होता.

"ही ओळ काय करते, फांग-यू?"

"हं," फांग-यू म्हणाली. थांबली. मान जराशी डावीकडे कलली. "एक पेला रिकामा झाल्याशिवाय दुसरा भरायला घेऊ नये. घाईनं सांडतं."

वेन-यिंगच्या हातातला खडू तसाच राहिला. वाक्य आईचं होतं, ते कुठल्या पानावरचं हेही तिला सांगता आलं असतं. पण आईसारखी मान कलवणं कुठल्या पानावर होतं?

"हे कोणी सांगितलं तुला?"

"थोरल्या बाईंनी."

"बरं. पेला म्हणजे काय?"

फांग-यूने डोळ्यांची उघडझाप केली. झोपेतून उठल्यासारखी ती इकडेतिकडे बघू लागली. "माहीत नाही, बाई. ते नुसतं येतं."

"चुन-झे, तू सांग."

"हं," चुन-झे म्हणाला, आणि त्याचीही मान डावीकडे कलली. या मुलाला वाक्याच्या सुरुवातीला थांबायची सवय नव्हती. आता तो थांबला होता, बरोबर आई थांबायची तेवढाच. "एक पेला रिकामा झाल्याशिवाय..."

मागच्या बाकांवरून इतरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

तिने वर्ग लवकर सोडला. बाहेर ल्याओ काका शिडी धरून उभे होते. शिडी कशासाठी आणली हे ते विसरले होते.

"आत कोण शिकवत होतं?"

"मीच, काका."

"नाही पोरी. मी दाराशी होतो. मला वाटलं..." त्यांनी शिडी उचलली. "जाऊ दे. या महिन्यात ऐकलेलं या महिन्यात बोलू नये."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कोरी फाईल उघडली आणि नेहमीसारखी प्रोग्रामची ओळ न लिहिता सरळ विचारलं: ही मुलं कधी शिकणार?

करडी अक्षरं उमटली. हं. हे आपोआप थांबणार नाही. थांबवणारा बाहेरचा लागतो.

हे पान तिला पाठ होतं. न संपणाऱ्या फेऱ्याचा धडा. कोपऱ्यात आईने काढलेलं चित्र, पेल्यातून निघून त्याच पेल्यात पडणारा शेंगदाणा. तिने सगळं पुसलं आणि दुसरंच काहीतरी लिहिलं, दोन आकड्यांची साधी बेरीज. करडी अक्षरं आली: हे आपोआप थांबणार नाही. थांबवणारा बाहेरचा लागतो. तिने तेही पुसलं. नुसतं 'आई' लिहिलं.

हे आपोआप थांबणार नाही.

असली साधनं कधी कधी एका वाक्यावर अडकून बसतात. तिने कंपनीत ढिगाने पाहिलं होतं, त्यावर उपायही तिला ठाऊक होता. ती खुर्ची मागे सरकवून उभी राहिली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपली मान डावीकडे कललेली आहे.

पौर्णिमेला शाळेत पितरांचं पान मांडायचं होतं, आणि त्याच सकाळी उभ्याची परीक्षा. मुख्याध्यापक स्वतः बसणार होते. त्या परीक्षेत वर्ग गारद झाला असता, हे आता उघड होतं. साधन काढून टाकलं तर मुलांपाशी काहीच उरणार नव्हतं, अगदी पहिल्या पानापासून सुरुवात. आणि तिच्यापाशी? अभ्यासपानं राहतील. पण पानं काही विचारल्यावर बोलत नाहीत. साधनाची प्रत काढून घरी न्यायला फार वेळ लागणार नव्हता. आईच्या घरी ती तो विचार धरून रात्र सरेपर्यंत बसली. प्रत घरात असली की आपण ती रोज उघडणार, टॅब दाबणार, हं म्हणणार. पोरांचं झालं ते आपलंही होणार. किंबहुना आधी आपलंच झालं.

सकाळी मुलं जागेवर बसली तेव्हा ती सर्व्हरपाशी उभी होती. तिने साधन पुसलं. प्रत काढली नाही. यंत्राने विचारलं, खात्री आहे का. तिने हो म्हटलं. एवढंच. कुठे दिवा विझला नाही की वारा आला नाही.

"बाई, टॅब दाबला तरी काहीच येत नाहीये."

"येणार नाही आता."

"थोरल्या बाई गेल्या?" फांग-यूने विचारलं.

आईला जाऊन चार महिने होत आले होते. "हो," वेन-यिंग म्हणाली. हे तिने मोठ्याने पहिल्यांदा म्हटलं.

मग तिने कपाटातून पेले काढले. शेंगदाण्यांचा डबा उघडला तर दमट हवेने दाण्यांवर हिरवी बुरशी चढलेली. तिने वर्गभर नजर फिरवली, सर्व्हरच्या डोक्यावरचं पाकीट उचललं आणि टर्रकन फाडलं.

दारातून ल्याओ काका किंचाळलेच. "अगं ए! काय केलंस हे! यंत्रावरचं? या महिन्यात?"

"पोरं उपाशी आहेत, काका."

ते तोंड उघडून उभे राहिले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

तिने फुगे पेल्यांत वाटले. मुलं लांब सरकून बसली.

"यंत्रावरचं खायचं, बाई?" चुन-झे म्हणाला. "माझी आजी मला घरात घेणार नाही."

"आजीला सांग, बाईंनी दिलं."

"कुठल्या बाईंनी?"

वेन-यिंगने त्याच्यापुढे एक पेला सरकवला.

"मी," वेन-यिंग म्हणाली. "आणि खायचं नाहीये. आधी हलवायचं. ये इकडे. फांग-यू, तू ओळ वाच."

फांग-यूने वाचलं. पेला रिकामा होत नाही तोवर त्यातला एक उचल. उचललेला त्याच पेल्यात ठेव. पुन्हा पहिल्यापासून.

चुन-झेने एक फुगा उचलला, पेल्यात ठेवला. उचलला, ठेवला. मुलं हसली. तो वेडीवाकडी तोंडं करत राहिला, उचलला, ठेवला. हळूहळू हसू ओसरलं. त्याची तोंडं करणंही थांबलं. हात मात्र चालूच होता, एका लयीत, आणि डोळे पेल्यावर खिळलेले.

"चुन-झे, पुरे."

उचलला, ठेवला. मान डावीकडे कलली होती.

"चुन-झे!"

त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम दिसत होता. खाली बंदरात भोंगा झाला आणि विरला. फुगा पेल्याच्या तळाशी पडल्याचा बारीक आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला. वेन-यिंग पुढे झाली आणि अर्ध्यातच थांबली. थांबवणारा बाहेरचा लागतो. आपण बाहेरच्या आहोत का?

फांग-यूने बाह्या कोपरापर्यंत सारल्या, त्याच्या चिमटीतला फुगा हिसकला आणि तोंडात टाकला. कुर्रकन आवाज झाला.

"येड्या," घास गिळत ती म्हणाली, "तू परत तिथेच टाकतोयस, मग संपेल कसं? जन्मभर उचलत बसशील. एक तरी कमी झाला पाहिजे ना!"

चुन-झेने हात झटकला. बोटांकडे बघितलं. "मी... किती वेळ?" मग त्याची नजर फांग-यूकडे गेली. "आणि तू खाल्लंस ते? यंत्रावरचं?"

"चांगलंय. जरा सादळलंय."

"पुन्हा वाच ती ओळ," वेन-यिंग म्हणाली. "आणि कुठे बदलायची ते सांग. तुझ्या शब्दांत."

फांग-यूने सांगितलं. तिचं वाक्य ओबडधोबड होतं, मध्येच अडखळलं, त्यात एकही शब्द आईचा नव्हता.

पौर्णिमेपर्यंत मुलं पेल्यांच्या पलीकडे फारशी गेलीच नाहीत. कॉम्प्युटर झाकलेलेच राहिले. ल्याओ काकांनी रागाने नवं पाकीट आणलं आणि मग यंत्रावर न ठेवता पेल्यांच्या टेबलावर ठेवलं.

परीक्षेला मुख्याध्यापकांनी विचारलं, "फळ्यावर एवढाच प्रोग्राम? मागे तर बरेच मोठे पाहिले होते."

"एवढाच आहे, सर," वेन-यिंग म्हणाली.

त्यांनी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं. फळ्यापाशी फांग-यू उभी होती. वेन-यिंगचं लक्ष तिच्या मानेवर होतं.

"थांबा हं, सर. करून बघते," म्हणत फांग-यूने खिशातून पेला काढला. चुकली. जीभ चावली, पेला रिकामा केला, पुन्हा केलं. "सात नाही, सहा. शेवटची फेरी होतच नाही, कारण तोवर पेला रिकामा."

मान सरळ होती. काही मुलं पास झाली, काही राहिली. चुन-झे राहिला, आणि का राहिलो हे त्याने सगळ्यांना रंगवून सांगितलं.

वर्ग रिकामा झाल्यावर वेन-यिंगने फळा पुसला. कोरी फाईल उघडली. रेघ लुकलुकत राहिली, पुढे काही उमटलं नाही. तिने स्वतःच्या बोटांनी एकेक अक्षर लिहिलं, जेवण झालं का, आणि प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर तेच आलं, कारण तिने तेच लिहिलं होतं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत बसली. मग डबा उघडून जेवली.

बाहेर ओसरीवर पितरांचं टेबल मांडलेलं होतं. डबाबंद फळं, कोरड्या नूडल्स, उदबत्त्या. आणि जमिनीलगत स्वच्छ पाण्याचं घमेलं, कडेला घडी घातलेला नवा टॉवेल, येणाऱ्याने हात-तोंड धुवावं म्हणून. ल्याओ काका घमेल्यावर ओणवे झाले होते.

"हात कोणी धुतले यात?" ते मुलांवर खेकसले. "पितरांचं पाणी आहे हे!"

"आम्ही नाही, काका! आजीची शपथ!"

वेन-यिंग जवळ गेली. पाण्यावर पांढुरका, मऊ तवंग होता. खडूची भुकटी. टॉवेल ओला होता, नीट पिळून पुन्हा घडी घातलेला. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. फळा तिने एकटीने पुसला होता, आणि बोटांच्या पेरांवर खडू अजून तसाच होता.

"बदलू का गं पाणी?" ल्याओ काकांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"राहू द्या," ती म्हणाली. आणि उदबत्ती पेटवायला वाकली.